अंधार पडायच्या आत

वसंत म्हटलं की डोळ्यासमोर जे चित्र येतं ना, कुंपणाला टेकवलेली सायकल, बास्केटमध्ये चार फुलं, बाजूला गवतात चरणाऱ्या दोन गुबगुबीत कोंबड्या आणि मागे फुललेला वाफा, तसला फोटो मी पण काढते दरवर्षी, आणि तो खोटा नसतो, फक्त पाचेक मिनिटांचा असतो. त्यानंतर कोंबड्या वाफ्यात शिरतात, कोणीतरी ओरडत धावतं, सायकल पडते, आणि थोरली म्हणते की आत्ताच्या आत्ता निघालो नाही तर आज राइड होणार नाही. सायकल, बाग आणि कोंबड्या हे तिन्ही एकमेकांना कसे पूरक आहेत असं खूप जण लिहितात, मला ते अर्धंच पटतं. आमच्या घरात तरी हे तिघं एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत आणि भांडण एकाच गोष्टीवरून आहे, संध्याकाळचा उजेड.

म्हणजे बघा, हिवाळ्यात सगळे शाळेतून ऑफिसातून घरी येईपर्यंत काळोख झालेला असतो, त्यामुळे भांडायला काही नसतंच. कोंबड्या आत, सायकली भिंतीला, वाफे रिकामे. मग दिवस-रात्र सारखे असण्याचा वसंतातला विषुवदिन येतो, उत्तर गोलार्धात 20 मार्चच्या आसपास आणि दक्षिणेत 22-23 सप्टेंबरला, आणि दिवस अचानक धावायला लागतो. वर्षात दिवसाची लांबी सगळ्यात झपाट्याने बदलते ती याच काळात, आणि विषुववृत्तापासून जेवढे लांब राहाल तेवढा हा वेग जास्त. 50 अंश अक्षांशावर रोज साडेतीन-चार मिनिटांची भर पडते, म्हणजे आठवड्याला जवळजवळ अर्धा तास. आणि हा फुकट मिळालेला अर्धा तास कोणाचा यावरून आमच्याकडे रोज चर्चासत्र. नवऱ्याला वाटतं तो सायकलचा, मला वाटतं तो बागेचा, आणि कोंबड्यांना विचारायची गरजच नसते, त्या घेऊन टाकतात.

कारण त्यांना हे आपल्याआधी कळतं. कोंबडी उजेड डोळ्यांनी बघतेच, पण अंडी घालायची की नाही हे ठरवणारा उजेड तिच्या कवटीतून आरपार थेट मेंदूत पोचतो, तिथे हायपोथॅलॅमसमध्ये उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात. मला हे पहिल्यांदा वाचल्यावर इतकं भारी वाटलं होतं की मी घरात सगळ्यांना दोनदा सांगितलं. दिवस बारा तासांच्या खाली असला की बहुतेक कोंबड्या अंडी कमी करतात नाहीतर बंदच करतात, चौदा तासांच्या आसपास पोचला की गाडी जोरात सुरू. तेव्हा वसंतात अंडी वाढतात त्याचं श्रेय आपल्या खाऊपिऊ घालण्याला फार घेऊ नये.

थोरली बारा वर्षांची आहे आणि तिने खुराड्याच्या दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता लावलाय, कोणी कधी अंडं घातलं त्याचा. तक्ता बघितला की एक मजेशीर गोष्ट दिसते, एकाच कोंबडीची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकत जाते. सोमवारी सकाळी आठ, मग नऊ, मग दहाच्या पुढे, असं करत दुपार गाठते आणि मग एक दिवस सुट्टी, आणि परत सकाळी लवकर. कारण एक अंडं पोटात तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात आणि दिवस चोवीसच तासांचा आहे, बिचारी काय करणार. त्यातले वीसेक तास तर नुसते कवचाला जातात. एका कवचात दोनेक ग्रॅम कॅल्शियम असतं आणि कवच मुख्यतः रात्री चढतं, तेव्हा पोटातलं कॅल्शियम संपलं की ती स्वतःच्या हाडांमधून काढते. हाडांच्या आत खास त्यासाठीच साठा तयार झालेला असतो. म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायचा, दाण्यात मिसळायचा नाही, जिला पाहिजे ती पाहिजे तेवढा खाते. अंडी घालणारी कोंबडी संध्याकाळी झोपायला जायच्या आधी त्या वाटीकडे चक्कर मारते हे तक्त्यात नाही, पण आम्ही सगळ्यांनी बघितलंय.

आता खुडूक कोंबडीबद्दल, म्हणजे अंडी उबवायच्या हट्टाने बसून राहते तिच्याबद्दल. हे प्रकरण सगळं माझ्या आईच्या ताब्यात. वसंतात एखादी तरी खुडूक बसतेच, अंडी घालायच्या पेटीतून उठत नाही, हात नेला की फुगते आणि घशातून असा काही आवाज काढते की धाकटा दोन पावलं मागे. छातीची पिसं उपटून टाकलेली असतात तिने, अंड्यांना कातडीची थेट ऊब लागावी म्हणून. खुडूक नको असेल तर तिला वरचेवर पेटीतून उठवायचं, गार हवेशीर जागी ठेवायचं वगैरे उपाय असतात. पण पिल्लं हवी असतील तर आई फलित अंड्यांवर पेन्सिलीने खूण करून तिच्याखाली सरकवते, संध्याकाळी, अंधारताना, तेव्हा ती कमी टोचते. मग 21 दिवस. आठवडाभराने रात्री टॉर्चवर अंडं धरून बघायचं, आत जिवंत असेल तर लाल शिरांचं जाळं दिसतं आणि मधोमध एक ठिपका जो हलतो. थोरलीला यात विज्ञान दिसतं. धाकट्याला वाटतं की आपण त्याला झोपेतून उठवलं.

शेवटच्या दिवशी कवचाला बारीक तडा जातो आणि मग तासन्‌तास काहीच होत नाही. हा भाग घरातल्या मोठ्यांना जास्त जड जातो. तड्यातून चोचीचं टोक दिसतंय, आतून चिवचिव ऐकू येतेय, बारा-बारा चोवीस-चोवीस तास असेच जातात, आणि प्रत्येकाचे हात शिवशिवतात की एवढासा तुकडा काढून दिला तर काय बिघडतं. बिघडतं. त्या वेळात आतल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त पिल्लू परत अंगात घेत असतं, उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. आपण सोललं तर रक्त येतं. आई म्हणते, "हात मागे बांधा आणि बघा." आणि तो पोटात ओढलेला बलक पिल्लाला पुढचे दोन-तीन दिवस पुरतो, म्हणून तर पहिलं पिल्लू बाहेर आलं तरी कोंबडी उठत नाही, बाकीच्यांसाठी बसून राहते आणि पहिलं उपाशी मरत नाही. कोणी हे सगळं जुळवलं असेल ते असो, पण जुळवलंय बाकी झकास.

कोंबडी नसली आणि पिल्लं दिव्याखाली वाढवायची असली तर पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, साधारण सहा आठवड्यांत अंगावर नीट पिसं येईपर्यंत. आकडा लक्षात ठेवायचा पण विश्वास पिल्लांवर ठेवायचा. दिव्याखाली गठ्ठा करून ओरडत असतील तर गारठलीत, कडेला जाऊन चोच उघडी टाकून बसली असतील तर उकडतंय, आणि इकडेतिकडे पसरून दाणे टिपत असतील तर आपण गप्प बसावं. पाण्याचं भांडं उथळ, त्यात खडे टाकलेले, नाहीतर पिल्लू त्यात पडून बुडतं. आणि मुलांना पापे घेऊ द्यायचे नाहीत, कितीही गोड दिसलं तरी, साल्मोनेला या जंतूंचा प्रश्न असतो, हात लावला की साबणाने धुवायचे. हा नियम आमच्याकडे आजीसकट सगळ्यांना आहे आणि सगळ्यात जास्त आजीच मोडते.

बागेचं म्हणाल तर बाग माझी. म्हणजे कामं सगळे करतात, पण जीव माझा जळतो. पेरणीसाठी वाफा तयार करायचा म्हणजे माती भुसभुशीत करायची, ढेकळं फोडायची, वरची बारीक माती जरा वाळू द्यायची, आणि कोंबडीला धुळीत अंघोळ करायला नेमकी अशीच माती लागते. पिसांमधल्या उवा, किडे घालवायला ती कोरड्या मातीत लोळते, पंखांनी माती अंगावर उडवते. तिच्या दृष्टीने मी इतका वेळ तिचं न्हाणीघर बांधत होते. तिला उकरताना नीट बघा कधी. एका पायाने दोनदा मागे, दुसऱ्याने एकदा, मग एक पाऊल मागे सरकून मान वाकडी करून एका डोळ्याने निरखायचं, काही वळवळलं तर टिपायचं नाहीतर परत पहिल्यापासून. असं दहा मिनिटं चाललं की गाजराच्या दोन ओळी कुठे होत्या ते देवाला माहीत.

गोगलगायी खातात म्हणून बागेत कोंबड्या सोडा, हा सल्ला फार फिरतो. खातात, खरंय. पण गोगलगायीने जे रोप रात्री कुरतडलं असतं ते कोंबडी सकाळी मुळासकट काढते, यात आपला फायदा कुठला? आम्ही शेवटी ऋतूप्रमाणे वाटणी करून घेतली. पीक निघालं की रिकाम्या वाफ्यात कोंबड्या, त्यांनी खुशाल उकरावं, तणाचं बी, अळ्या, गोगलगायींची अंडी सगळं साफ करावं. पेरणी जवळ आली की बाहेर, आणि मग जाळी. जाळीवर आमचा जितका खर्च झालाय तितका बियाण्यांवर आजवर झालेला नाही.

आणि एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून निमूटपणे घ्यावी लागते ती म्हणजे कोंबडखत. ताजं टाकलं तर मुळं जळतात, नायट्रोजन फार असतो त्यात, शिवाय जंतूंचा धोका वेगळाच. ते पालापाचोळा, पेंढा, फाडलेले पुठ्ठे असल्या कार्बनवाल्या मालात मिसळून कुजवायचं. साधारण पंचवीस-तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन असं प्रमाण जमलं, ओल बरोबर असली आणि ढीग पुरेसा मोठा असला की आतून तो 55-65 अंशांपर्यंत तापतो. नवऱ्याकडे त्यासाठी लांब दांड्याचा थर्मामीटर आहे. रोज संध्याकाळी तो ढिगात खुपसून येतो आणि जेवताना आकडा जाहीर करतो, कोणी विचारलेलं नसताना. साठच्या वर गेलेल्या दिवशी दोनदा सांगतो.

रोपांच्या ट्रे खिडकीत असतात. टोमॅटो, मिरच्यांना रुजायला 20 ते 30 अंशांची ऊब लागते, म्हणून त्या आत, मटार मात्र गारठ्यातही सावकाश रुजतो, तो सरळ बाहेर. खिडकीतल्या रोपांचा त्रास म्हणजे ती उजेडाकडे मान काढून उंच आणि लुळी होतात. त्यावर धाकट्याला एक काम दिलंय, रोज शाळेतून आला की तळहात रोपांच्या शेंड्यांवरून हळूच फिरवायचा, दोन्ही बाजूंनी, मांजर कुरवाळल्यागत. ऐकायला वेडेपणा वाटतो पण वारा लागल्यावर झाडं जसं करतात तसंच स्पर्शालाही करतात, उंची आवरतात आणि खोड जाड करतात. एका ट्रेला हात लावायचा नाही असं थोरलीने मुद्दाम ठरवलं होतं, तुलनेसाठी, आणि तिसऱ्या आठवड्यात दोन ट्रे शेजारी ठेवल्यावर धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा होता. टोमॅटोच्या पानांचा तो हिरवट उग्र वास त्याच्या हाताला दिवसभर येतो आणि तो सगळ्यांना हुंगायला लावतो. पुढे आठ-दहा दिवस ही रोपं बाहेरच्या हवेला सवय म्हणून दिवसा बाहेर, आधी सावलीत मग उन्हात, आणि रात्रीच्या गारठ्याआधी आत. म्हणजे परत तेच. अंधार पडायच्या आत घरी.

सायकली हिवाळाभर उभ्या असल्या की पंक्चर नसताना पण बसतात, ट्यूबच्या रबरातून हवा हळूहळू झिरपतेच. म्हणून पहिला रविवार पंपाचा. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं, कोणी वाचत नाही. चेनला तेल आतल्या बाजूने, एकेका रोलरवर एक थेंब, मग पायडल उलटं फिरवत राहायचं आणि शेवटी वरचं सगळं तेल फडक्याने पुसून टाकायचं. तेल आत पाहिजे, बाहेर राहिलेलं फक्त धूळ गोळा करतं. आमची थोरली हिवाळ्यात एवढी वाढली की तिची सीट वर घ्यायला लागली. टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ व्हावा, इतकी उंची.

धाकट्याच्या सायकलची मात्र आम्ही पायडलंच काढली. बाजूला आधाराची छोटी चाकं लावली की मूल पायडल मारायला शिकतं आणि तोल सांभाळायला शिकत नाही, आणि अवघड तर तोच असतो. पायडलं काढताना डावीकडच्याला आटे उलटे असतात हे माहीत नसेल तर माणूस पाना लावून ते आणखी घट्ट करत बसतो, बरं का. सीट खाली घेतली, दोन्ही पाय जमिनीवर टेकतील अशी, आणि तो पायांनी जमीन ढकलत सुटला.

गंमत अशी की माणसं पण अशीच शिकली. 1817 मध्ये जर्मनीत मानहाइमला कार्ल ड्राइस यांनी जी दुचाकी चालवून दाखवली तिला पायडलं नव्हतीच, बसून पायांनी ढकलायचं. पायडलं आली 1860 च्या दशकात, आणि मागच्या चाकाला चेन असलेली, आजच्या सायकलसारखी दिसणारी रोव्हर आली 1885 मध्ये. ड्राइस यांना हे का सुचलं यावर एक तर्क आहे, 1815 मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याच्या राखेने आणि धुराने 1816 साली युरोपात उन्हाळा आलाच नाही, पिकं बुडाली, घोड्यांना ओट्स परवडेनात, म्हणून बिनघोड्याचं वाहन. सगळ्या इतिहासकारांना हे पटत नाही. मला मात्र बुडालेल्या बागेतून सायकल निघाली ही कल्पना आवडते, पुरावा कच्चा असला तरी.

आणि सायकल पडत का नाही, हा धाकट्याचा प्रश्न. पूर्वी उत्तर ठरलेलं होतं, फिरती चाकं भोवऱ्यासारखी स्थिर राहतात, शिवाय पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची ठेवणच अशी असते. 2011 मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या लोकांनी एक अशी सायकल बनवली जिच्यात हे दोन्ही परिणाम काढून टाकले होते, तरी ती ढकलून दिली की स्वतःहून सरळ जायची. थोडक्यात काय, ज्या बाजूला पडतेय त्या बाजूला हँडल वळलं की सावरते, आणि ते वळण घडवून आणायचे रस्ते बरेच आहेत. धाकट्याला मी एवढंच सांगितलं की पडशील तिकडे वळ. तो म्हणाला मग पडायचंच कशाला?

संध्याकाळच्या राइडला आम्ही पाचही जण जातो. आई बॅटरीच्या सायकलवर असते आणि सगळ्यात पुढे असते, चढावर तर विचारूच नका. धाकटा नवऱ्याच्या मागे ट्रेलरमध्ये, परतताना त्याच ट्रेलरमध्ये खाद्याचं वीस किलोचं पोतं आणि पोत्यावर धाकटा. मला खरं सांगायचं तर ही राइड नसती तर मी बाग आणि कोंबड्या केव्हाच सोडून दिल्या असत्या. ही दोन्ही कामं माणसाला जागेला खिळवतात, पाणी कोण घालणार, दार कोण लावणार, कुठे म्हणून जाता येत नाही. सायकल तेवढी दोरी सैल करते. पण तिलाही माप आहे. आज किती लांब जायचं हे पाय ठरवत नाहीत, नकाशा ठरवत नाही. सूर्य किती वाजता मावळणार ते बघायचं, त्यातून परतीचा वेळ वजा करायचा, आणि जे उरेल तेवढंच जायचं. दिवस जसा मोठा होतो तसं आमचं वर्तुळ मोठं होत जातं. मार्चमध्ये पुलापर्यंत, एप्रिलमध्ये पुलाच्या पलीकडे, असं.

कारण खुराड्याचं दार. कोंबड्या अंधारताना आपण होऊन आत जातात, त्यांना हाकलावं लागत नाही, पण दार त्या लावून घेत नाहीत. आणि अंधारात त्यांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे दार उघडं राहिलं आणि कोणी शिकारी जनावर आत आलं तर बसल्या जागी सगळं संपतं.

त्यात आत जायचीही उतरंड असते. कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचू शकतं याची पक्की यादी असते हे नॉर्वेच्या थोर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी 1921 मध्ये मांडलं, लहानपणापासून कोंबड्यांचं निरीक्षण करत आले होते ते. आमच्या खुराड्यात दांडीवरच्या जागा त्या यादीप्रमाणे ठरतात. वरची, मधली जागा मोठ्या बाईंची, आणि सगळ्यात खालच्या क्रमांकाची एक करडी आहे ती सगळ्या बसून, भांडून, गप्प होईपर्यंत बाहेरच थांबते. आधी गेली तर टोचणी खावी लागते ना. त्यामुळे रोज तिची वाट बघत टॉर्च घेऊन कोणीतरी उभं.

नवऱ्याचं म्हणणं, ऑटोमॅटिक दार घेऊ. सेन्सरवालं, उजेड कमी झाला की आपोआप खाली येतं, सकाळी वर जातं, मग शनिवारी आपण वाटेल तितके लांब जाऊ. घेतलं पण. थोरलीने तक्त्यावरून दाखवून दिलं की करडी सगळ्यांच्या नंतर पंधरा-वीस मिनिटांनी आत जाते, दार तिच्या तोंडावर बंद होणार आणि ती रात्रभर बाहेर. नवरा म्हणाला उशिराची सेटिंग करू. आई म्हणाली उशिरा म्हणजे किती, जनावर संध्याकाळीच फिरतं. यावर आठवडा गेला, दार खोक्यात, आणि राइड रोज पुलापलीकडून माघारी.

मग मागच्या आठवड्यात करडीच खुडूक बसली. तिला वेगळ्या पेटीत ठेवलंय, बाहेर यायचा प्रश्नच नाही, म्हणजे 21 दिवस तरी भांडण मिटलं असं धरून नवऱ्याने ड्रिल काढलं, दार बसवलं, सेटिंग केली, आणि संध्याकाळी आम्ही सगळे मुद्दाम घरीच थांबलो, बघायला. दार अगदी वेळेवर खाली आलं. बाहेर एक काळी कोंबडी उभी होती. कालपर्यंत शेवटून दुसरी होती ती.